दोन हजारांचा हप्ता आणि सातबाऱ्यावरचे नाव

जरीपटक्यात आज शेत शोधून सापडणार नाही. उत्तर नागपुरातला हा भाग कापडाच्या, किराण्याच्या, मिठाईच्या दुकानांचा आणि दाट वस्तीचा. शेजारची नारा आणि नारी ही कधीकाळची गावे. मौजा म्हणून महसुली दप्तरात ती अजूनही आहेत, पण वावरांवर लेआउट पडले आणि धुऱ्यांच्या जागी रस्ते आले. तरीही कोरोनाच्या काळात सरकारने शेतकऱ्यांना जी मदत दिली, तिची गोष्ट जरीपटक्यापासून सुरू करणे सोयीचे आहे. सरकारी मदत कोणाच्या हातात पडते, या प्रश्नाशी या वस्तीची जुनी ओळख आहे.

जरीपटका उभा राहिला तो फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांमुळे. या विस्थापितांना मागे राहिलेल्या मालमत्तेबद्दल भरपाई देण्यासाठी केंद्र सरकारने १९५० मध्ये दाव्यांचा आणि १९५४ मध्ये भरपाई व पुनर्वसनाचा कायदा केला. भरपाई मिळायची ती तपासून मान्य झालेल्या दाव्यावर. घर, दुकान, जमीन मागे सोडून आलेल्या माणसाला ती आपली होती हे इथे बसून सिद्ध करावे लागे. ज्याच्या ट्रंकेत कागद आला त्याची बाजू भक्कम. जो नुसताच जीव घेऊन आला त्याची लंगडी. पुढे नागपुरात ज्या जागेवर ही कुटुंबे राहू लागली, तिच्या मालकी पट्ट्यांचा प्रश्नही अनेक दशके रेंगाळला. राहतो एक आणि कागद दुसरेच काही सांगतो, हा अनुभव या वस्तीने घेतलेला आहे.

२०२० साली हाच प्रश्न शहराच्या हद्दीपलीकडे, काटोल, नरखेड, सावनेर, पारशिवनी, मौदा, कुही या तालुक्यांत उभा राहिला. फरक इतकाच की या वेळी कागदाचे नाव सातबारा होते.

छत्तीस तासांतली घोषणा

नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि २६ मार्चला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांचे प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात ८० कोटी लोकांना दरमहा माणशी ५ किलो धान्य फुकट, जनधन खाते असलेल्या सुमारे २० कोटी महिलांना तीन महिने दरमहा ५०० रुपये, उज्ज्वला योजनेतल्या कुटुंबांना मोफत सिलिंडर आणि शेतकऱ्यांना दोन हजार रुपये असे अनेक तुकडे होते.

शेतकऱ्यांचे दोन हजार म्हणजे पीएम-किसान योजनेचा हप्ता. ही योजना १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जाहीर झाली होती. वर्षाला सहा हजार रुपये, चार-चार महिन्यांनी दोन-दोन हजार. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी असलेली योजना जून २०१९ पासून सगळ्या जमीनधारक कुटुंबांना लागू झाली. एप्रिल ते जुलै २०२० चा हप्ता तसाही द्यायचाच होता. टाळेबंदीत तो एप्रिलच्या सुरुवातीलाच दिला गेला, इतकेच. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार देशभरातल्या ८ कोटी ९४ लाख शेतकऱ्यांना यातून १७,८९१ कोटी रुपये मिळाले.

म्हणजे महामारीची मदत म्हणून जे मोजले गेले, तो मुळात नेहमीचाच हप्ता होता. वर्षाचे सहा हजार सहाच राहिले. हे लक्षात घेऊनही या हप्त्याला क्षुल्लक म्हणता येत नाही. बाजार बंद, एसटी बंद, आठवडी बाजार बंद, अशा वेळी महिनाभर आधी हातात आलेल्या रोख रकमेची किंमत तिच्यावर छापलेल्या आकड्याहून जास्त असते. सरकारला एवढी चपळाई दाखवता आली, कारण यादी तयार होती. टाळेबंदी लागली तेव्हा नवे अर्ज मागवायचे नव्हते, पंचनामे करायचे नव्हते, तलाठ्याने गावात फिरायचे नव्हते. बटण दाबायचे तेवढे बाकी होते.

बटणाच्या अलीकडे आणि पलीकडे

हे बटण दाबण्याआधी काय काय घडलेले असते ते पाहण्यासारखे आहे. २०१९ मध्ये गावोगावी तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी शेतकऱ्यांकडून सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स गोळा केली. तहसीलमध्ये ती माहिती संगणकावर चढली. राज्याने पडताळणी करून ती केंद्राच्या पोर्टलवर पाठवली. तिथून आधार आणि बँकखात्याची जुळणी होऊन पैसे थेट खात्यात. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर त्याच नावाचे वेगळे स्पेलिंग आणि पासबुकात तिसरेच, असे झाले की हप्ता अडकायचा. वडील वारलेले, पण फेरफार झालेला नाही, म्हणून मुलाचे नाव चढलेले नाही. चार भावांची वाटणी तोंडी झालेली, कागदावर मात्र थोरल्याचेच नाव. गावात हे सगळ्यांना ठाऊक असते. पोर्टलला ते ठाऊक नसते.

पोर्टलच्या पलीकडचा टप्पा म्हणजे खात्यातला पैसा हातात येणे. एप्रिल २०२० मध्ये बँकेपुढे गर्दी होऊ नये म्हणून जनधनच्या महिलांना खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस वाटून दिले होते. ० आणि १ वाल्यांना ३ एप्रिल, २ आणि ३ वाल्यांना ४ एप्रिल, असे. त्याच दिवसांत पीएम-किसानचेही पैसे पडत होते. तालुक्याच्या गावी जायला वाहन नाही, रस्त्यावर पोलीस. अशा वेळी गावातला बँकमित्र आणि पोस्टमन कामी आले. पोस्टमन अंगठ्याचा ठसा घेऊन कोणत्याही बँकेतल्या आधार जोडलेल्या खात्यातून रोख काढून देऊ शकत होता. ज्या गावात हे दोघे होते तिथे हप्ता खरोखर पोचला. जिथे नव्हते तिथे तो काही काळ मोबाइलवरच्या मेसेजपुरताच राहिला.

यादी जशी वेग देते, तशी तिच्यातली चूकही वेगाने पसरवते. आयकर भरणारे, सरकारी नोकर, दहा हजार किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे, डॉक्टर, वकील, अभियंते अशांना ही योजना नाही. तरी अनेकांची नावे चढली होती. जुलै २०२१ मध्ये केंद्राने संसदेत सांगितले की देशभरात सुमारे ४२ लाख अपात्र लोकांना जवळपास तीन हजार कोटी रुपये गेले. त्यात महाराष्ट्राचा वाटा ३५८ कोटींचा होता. मग वसुलीच्या नोटिसा निघाल्या. वसुली करायची कोणी, मुळात हे काम महसूल खात्याचे की कृषी खात्याचे, यावरून राज्यात दोन्ही खात्यांत जुंपली आणि महसूल कर्मचाऱ्यांनी या कामावर बहिष्कार टाकला. त्या भांडणात ज्यांची साधी नावे दुरुस्त व्हायची होती, ते शेतकरी ताटकळले.

दोन हजारांत काय येते?

विदर्भातल्या कापूसवाल्याच्या हिशेबाने हा हप्ता मोजू. २०२० च्या खरिपात बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाची सरकारने ठरवलेली किंमत ७३० रुपये होती. एका एकराला साधारण दोन पाकिटे धरली तर १,४६० रुपये. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. दोन गोण्यांचे ५३३. बेरीज १,९९३. म्हणजे एका हप्त्यात एका एकराचे बियाणे आणि दोन गोण्या युरिया. नांगरणी, वखरणी, डीएपी, फवारणी, निंदण आणि वेचणी यांतले काहीही त्यात बसत नाही. पाच एकर पऱ्हाटी असणाऱ्याचा उरलेल्या चार एकरांचा प्रश्न तसाच उरतो.

आता दुसरी बाजू. टाळेबंदी लागली तेव्हा विदर्भातल्या अनेक घरांत कापूस पडून होता. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवकाळी पावसाने हंगाम लांबला होता. भारतीय कापूस महामंडळ आणि राज्याचा कापूस पणन महासंघ यांची खरेदी टाळेबंदीत थांबली, नंतर अटींसह सुरू झाली. नोंदणी करा, फोनची वाट पाहा, ठरल्या दिवशी ठरलेल्या केंद्रावर गाडी आणा. जिनिंग कारखान्यांत मजूर नव्हते, गोदामे भरलेली होती, आणि मृगाचा पाऊस तोंडावर आला होता. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. केंद्रावर नंबर लागण्याची वाट न पाहता येणाऱ्या शेतकऱ्याने खाजगी व्यापाऱ्याला हजार रुपये कमी भावाने कापूस दिला असे धरा. दोन क्विंटलमध्ये पीएम-किसानचा हप्ता गेला. दहा क्विंटल असतील तर दहा हजारांची तूट. जो शेतकरी थांबू शकत होता त्याला हमीभाव मिळाला. ज्याला बियाण्यासाठी रोख हवी होती तो थांबू शकला नाही. पेरणीच्या तोंडावर त्याला हप्त्यापेक्षा उघडे आणि चालते खरेदी केंद्र जास्त मोलाचे होते.

संत्र्याचे दुखणे वेगळे. मृग बहाराचा माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतो. कापूस घरात ठेवता येतो, संत्रा झाडावर फार दिवस ठेवता येत नाही. ट्रकच्या वाहतुकीला परवानगी होती, पण ट्रकचालक, हमाल आणि पलीकडच्या शहरातला ग्राहक या तिघांपैकी कोणी ना कोणी गैरहजर असे. नागपूरच्या कळमना बाजारातले व्यवहार कधी बंद, कधी निर्बंधांसह. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल्वे निघाली आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरहून दिल्लीच्या आदर्शनगरला संत्रा घेऊन जाणारी गाडी सुटली. भाड्यात पन्नास टक्के सवलत होती. पैसे हातात न देता दिलेली ही मदत. तिचा उपयोग झाला तो आंबिया बहाराच्या मालाला. मृगाचा हंगाम तोवर उरकला होता.

यादीबाहेरची माणसे

समजा, जरीपटक्यात राहणाऱ्या एका गृहस्थाची काटोल तालुक्यात वडिलोपार्जित सहा एकर जमीन आहे. तो आयकर भरत नाही, सरकारी नोकरीत नाही. नियमाप्रमाणे तो पीएम-किसानला पात्र आहे. शहरात राहतो म्हणून अडत नाही, जमीन लागवडीखाली असली आणि १ फेब्रुवारी २०१९ रोजी ती त्याच्या नावावर असली की पुरे. जमीन मात्र तो कसत नाही. गावातला एक जण ती दरवर्षी मक्त्याने करतो. पेरणीआधी ठरलेली रक्कम मालकाला देतो, बियाणे-खत स्वतःचे घालतो, पीक बुडाले तर त्याचेच बुडते. एप्रिल २०२० चे दोन हजार मालकाच्या खात्यात पडले. मक्तेदाराला काहीच मिळाले नाही. आता समजा, मालक आयकर भरणारा दुकानदार आहे. मग मालकही अपात्र. त्या वावरासाठी सरकारने कोणालाच काही दिले नाही.

मक्तेदाराचे नाव कागदावर का नाही, याची मुळे जुनी आहेत. विदर्भासाठी १९५८ साली स्वतंत्र कुळकायदा झाला. कसेल त्याची जमीन हे त्याचे तत्त्व आणि १ एप्रिल १९६१ हा त्यातला महत्त्वाचा दिवस. त्या कायद्याने अनेक कुळांना मालक केले. पण त्याची एक सावली मागे राहिली. सातबाऱ्यावर दुसऱ्या कोणाचे नाव लागले की उद्या तो हक्क सांगेल, ही मालकांची भीती. म्हणून व्यवहार तोंडी होतो, हंगामापुरता होतो, आणि लिहिला जातच नाही. कुळाला संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या धाकाने आजचा कसणारा अदृश्य झाला. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीचा पंचनामा, हमीभावाची नोंदणी, सगळीकडे सातबारा लागतो. प्रत्येक ठिकाणी त्याला मालकाच्या मर्जीवर राहावे लागते. मालक भला असेल तर मिळालेल्या मदतीतून काही तरी मक्त्यात वळते करतो.

बायकांचे तसेच. निंदण, वेचणी, बियाणे टोबणे ही कपाशीची निम्म्याहून अधिक कामे बाईच्या हातची. पण २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातल्या एकूण वहिती खात्यांपैकी महिलांची खाती सुमारे १४ टक्केच आहेत. पीएम-किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. पैसा जमीन ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात. जनधनचे दीड हजार तिला मिळाले असतील, तेही तिचे खाते चालू असले तर. शेतकरी म्हणून मिळाले नाहीत.

शेतमजुरासाठी रोख रक्कम नव्हतीच, काम होते. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राचीच. १९७२ च्या दुष्काळाने तिला बळ दिले, वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला आणि पुढे ती देशाचा कायदा झाली. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्रात रोहयोची मजुरी २०६ वरून २३८ रुपये झाली आणि केंद्राने या योजनेला ४० हजार कोटी रुपये वाढवून दिले. पण टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत ही कामेच बंद होती. २० एप्रिलनंतर ती अंतर ठेवून सुरू झाली. कामाच्या हमीला कागदी मालकी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. काम बंद असताना हमी काय करणार, हा तिचा अडसर.

आणि एक भौगोलिक गंमत. २०१५ पासून राज्यातल्या १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना दोन रुपये किलोने गहू आणि तीन रुपये किलोने तांदूळ मिळत होता. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. नागपूर त्यात नाही. महामारीत केशरी कार्डवाल्यांना राज्याने मे-जून २०२० साठी आठ रुपये किलोने गहू आणि बारा रुपये किलोने तांदूळ दिला. म्हणजे जिल्ह्याच्या सीमेच्या अलीकडचा शेतकरी आठ रुपयांनी गहू घेत होता आणि धुऱ्यापलीकडचा, वर्धा जिल्ह्यातला, दोन रुपयांनी. माती तीच, पऱ्हाटी तीच. २००६ साली मनमोहन सिंग सरकारने विदर्भासाठी ३,७५० कोटींचे पॅकेज दिले तेव्हाही सहा जिल्ह्यांत वर्धा होते, नागपूर नव्हते. विदर्भाच्या शेतीबद्दल घोषणा नागपुरात होतात, नागपूरचा शेतकरी मात्र पुष्कळदा यादीच्या काठावर असतो.

कर्जमाफी अर्ध्यावर

अशीच एक घोषणा २१ डिसेंबर २०१९ रोजी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात झाली होती. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर केली. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेले आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेले दोन लाखांपर्यंतचे पीककर्ज माफ. २४ फेब्रुवारी २०२० रोजी ६८ गावांची पहिली यादी लागली. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आधारचे प्रमाणीकरण करायचे, अंगठा लावायचा, रक्कम बरोबर आहे म्हणायचे, मग कर्ज फिटणार. मार्चअखेर सुमारे १९ लाख खात्यांवर १२ हजार कोटी रुपये जमा झाले. मग टाळेबंदी आली. अंगठा लावायला जाणे हाच आता धोका झाला आणि राज्याची तिजोरीही आटली. सुमारे ११ लाख खाती आणि आठ हजार कोटींहून अधिक रक्कम अधांतरी राहिली.

थकीत खातेदाराला बँक नवे पीककर्ज देत नाही. जूनमध्ये पेरणी. २२ मे २०२० रोजी राज्य सरकारने निर्णय काढला, की या शेतकऱ्यांना थकबाकीदार धरू नका, त्यांच्या खात्यावर ‘शासनाकडून येणे’ असे लिहा आणि खरिपाचे कर्ज द्या. सरकारकडे रोख नव्हती, तेव्हा त्याने शब्द दिला. शब्दावर कर्ज द्यायचे की नाही हे शाखेशाखेवर ठरले. नागपूर जिल्ह्यात यात आणखी एक अडचण होती. २००२ मध्ये सरकारी रोख्यांच्या गैरव्यवहारात पोळलेली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक पुढे वर्षानुवर्षे दुबळी राहिली. २०१४ मध्ये केंद्र, राज्य आणि नाबार्ड यांनी देशातल्या ज्या २३ जिल्हा बँकांना उभे करायचे ठरवले त्यात नागपूर, वर्धा आणि बुलडाणा होत्या. गावच्या सोसायटीतून मिळणारे कर्ज आटले की शेतकरी राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात जातो. तिथेही दार उघडले नाही तर सावकार असतोच, आणि तो ‘शासनाकडून येणे’ हे मान्य करत नाही. नियमित कर्ज फेडणाऱ्यांना कबूल केलेले ५० हजारांचे प्रोत्साहन तर २०२२ च्या ऑक्टोबरात वाटले जाऊ लागले.

२०२० च्याच ऑगस्टच्या अखेरीस पेंच आणि कन्हान नद्यांना पूर आला. पारशिवनी, मौदा, कामठी, कुही भागातली गावे पाण्यात गेली. ऑक्टोबरमध्ये राज्याने अतिवृष्टी आणि पुरासाठी दहा हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले. पिकांसाठी हेक्टरी १० हजार आणि फळबागांसाठी २५ हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. पीएम-किसानच्या दोन हजारांपुढे ही रक्कम मोठी. पण तिला पंचनामा लागला, वेळ लागला, आणि पंचनाम्यातही नाव सातबाऱ्यावरचेच आले.

पूर्वी आणि दुसरीकडे काय झाले?

इंग्रजी अमदानीत आपत्ती आली की तगाई मिळे. १८८३ आणि १८८४ च्या दोन कायद्यांनी विहीर, बांध, बियाणे, बैल यांसाठी सरकारी कर्ज देण्याची सोय केली होती. त्याशिवाय शेतसारा तहकूब होई. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांताने हे दोन्ही पाहिले. पण नागपूरकडे मालगुजारी होती. सरकारात सारा भरायचा मालगुजाराने, म्हणून सवलत पहिल्यांदा त्याच्या पदरात. कुळाच्या खंडाचे काय, हा वेगळा प्रश्न उरे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. मदत आधी कागदावरच्या माणसाला, हा क्रम राहिला.

अमेरिकेने २०२० च्या एप्रिलमध्ये शेतकऱ्यांसाठी १९ अब्ज डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला, त्यातले १६ अब्ज थेट खात्यांत द्यायचे होते. तिथे काउंटी पातळीवर शेती खात्याची कार्यालये असतात आणि कोणी किती एकरांत काय पेरले याची नोंद दरवर्षी होते. पिकाची जोखीम जो उचलतो त्याला अर्ज करता येतो. जमीन भाड्याची असली तरी चालते. आपल्या मक्तेदाराला तिथे पैसे मिळाले असते. उलट तिथे रक्कम माल आणि एकर यांवर ठरली, माणशी मर्यादा अडीच लाख डॉलर, त्यामुळे मोठ्या शेतकऱ्यांना मोठा वाटा गेला. आपल्याकडे दोन एकरवाला आणि वीस एकरवाला यांना सारखेच दोन हजार. गरिबाच्या दृष्टीने आपला नियम बरा, कसणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचा.

देशातही वेगळे प्रयोग झाले आहेत. तेलंगणाच्या रयतू बंधू योजनेने २०१८ पासून एकरी रक्कम दिली, पण मालकालाच. ओडिशाच्या कालिया योजनेत बटईदार आणि भूमिहीन मजूर धरले होते. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कायदा करून कसणाऱ्याला ११ महिन्यांचे कार्ड दिले. त्यावर पीककर्ज आणि विमा मिळतो, पण जमिनीवर हक्क सांगता येत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. मालकाची भीती आणि कसणाऱ्याची गरज यांच्यात वाट काढण्याचा हा प्रयत्न आहे. मालकाची सही लागते म्हणून तोही पुरता यशस्वी नाही. पण प्रश्न ओळखलेला आहे.

पुढच्या आपत्तीची यादी

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकरी स्वतः मोबाइलवर वावरात उभा राहून पिकाचा फोटो टाकतो आणि सातबाऱ्याच्या बारा नंबरात पीक नोंदले जाते. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान योजना आणली आणि पीएम-किसानच्या यादीतल्या शेतकऱ्यांना आणखी सहा हजार देऊ केले. २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तोही जमिनीच्या नोंदीशी जोडलेला. म्हणजे यादी दरवर्षी अधिक नेटकी, अधिक वेगवान होत आहे. पण तिचा पाया सातबाराच आहे, आणि जुन्या यादीत नसलेला माणूस नव्या यादीतही आपोआप येत नाही. नमोची रक्कम पीएम-किसानच्याच यादीवरून गेली, तेव्हा आधीची गळती तशीच पुढे आली.

एप्रिल २०२० ने शिकवले ते हे की संकटाच्या दिवशी सरकार नवी यादी करू शकत नाही. हाताशी असलेली यादीच वापरते. म्हणून यादीतला अन्याय संकट नसताना दुरुस्त करावा लागतो. त्यासाठी फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. वारसाचा फेरफार वेळेत व्हावा. बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागावे. मक्त्याने करणाऱ्याला मालकी हक्काला धक्का न लावणारी एका हंगामाची नोंद मिळावी आणि तिच्यावर विमा, नुकसानभरपाई, हमीभाव यांची दारे उघडावीत. विदर्भाचा १९५८ चा कायदा या एका बाबतीत आज कोणाचे रक्षण करतो आणि कोणाला लपवतो, हे विधिमंडळाने नागपूरच्याच अधिवेशनात एकदा तपासावे. पुढची महामारी, पुढचा पूर किंवा पुढची टाळेबंदी येईल तेव्हा पैसा आजच्यापेक्षाही लवकर सुटेल. तो कोणाच्या खात्यात पडेल, हे त्या दिवशी ठरणार नाही. ते आजच, तलाठ्याच्या दप्तरात, ठरत आहे.